इन्सुलिन येण्याआधीचा मधुमेह: लोकमान्य टिळकांचे आयुष्य आणि तुमचा उपचार

मधुमेहाच्या दोन रुग्णांना एकच गोळी आणि एकच आहारतक्ता दिला, तरी सहा महिन्यांनी दोघांचे रिपोर्ट सारखे येतीलच असे नाही. तुमच्या घरातही हे घडले असेल. एका भावाची साखर आटोक्यात, दुसऱ्याची सतत वर. मग आपण म्हणतो, त्याला औषध लागू पडले, याला नाही. पण पुष्कळदा फरक औषधात नसतो. औषध घेणारा माणूस कसा आहे, तो कुठे राहतो, त्याचे जेवण कोण रांधते, त्याच्या कामाच्या वेळा कोणत्या, आजारपणात त्याच्यामागे कोण उभे आहे, या गोष्टी उपचाराचा निम्मा भार उचलतात.

हे समजून घ्यायला आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या एका माणसाचे आयुष्य उपयोगी पडते. लोकमान्य टिळकांना आपण राजकारणासाठी ओळखतो. त्यांना मधुमेह होता, हे मात्र अनेकांना माहीत नसते. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई यांनाही मधुमेह होता. दोघांच्याही हयातीत या आजारावर आजच्यासारखे औषध नव्हते. त्यामुळे माणसाचे स्वतःचे बळ आणि त्याची परिस्थिती यांचा आजारावर किती परिणाम होतो, हे या दोघांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते.

तरुणपणी साठवलेली पुंजी

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि कुटुंब कोकण सोडून घाटावर गेले. त्यानंतर थोड्याच काळात आई गेली. १८७२ मध्ये वडीलही गेले. म्हणजे सोळाव्या वर्षी हा मुलगा पोरका झाला होता. लग्न आदल्याच वर्षी झालेले होते.

डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा टिळकांची प्रकृती किरकोळ होती. त्यांनी पहिले वर्ष जवळजवळ सगळे शरीर कमावण्यात घालवले. तालीम, कुस्ती, पोहणे हे रोजचे झाले. अभ्यास मागे पडला आणि त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले. पुढे त्यांनी बी. ए. आणि एलएल. बी. पूर्ण केले, पण त्या एका वर्षाची कमाई त्यांना जन्मभर पुरली.

डॉक्टर म्हणून मी याकडे असे पाहतो. आपण जे खातो त्यातली साखर रक्तातून उचलून वापरण्याचे सर्वांत मोठे काम आपले स्नायू करतात. स्नायू कमावलेले आणि वापरातले असतील, तर त्याच इन्सुलिनमध्ये जास्त साखर उचलली जाते. चालणे झाल्यावर काही तास साखर खाली राहते, त्याचे कारणही हेच. तरुणपणी व्यायाम केला म्हणून मधुमेह होणारच नाही, असे नाही. टिळकांना तो झालाच. पण आजार आला तेव्हा अंगात काहीतरी शिल्लक होते.

तुमचे वय आज पन्नाशी-साठीचे असेल, तर तालमीत जायची गरज नाही. कोकणात राहणाऱ्याला व्यायाम घराबाहेरच मिळतो. घाटी चढणे, कलमांच्या बागेत काम, विहिरीचे पाणी शेंदणे, होडी ओढणे हे सगळे धरायचे. अडचण अशी होते की दारात रिक्षा आली, पाण्याला पंप बसला, मुले मुंबईला गेली आणि अंगमेहनत कधी थांबली ते कळलेच नाही. ताट मात्र तेच राहिले. पूर्वी तुम्ही कोणती मेहनत करत होता आणि ती केव्हा सुटली, हे डॉक्टरांना जरूर सांगा.

मंडालेतला आहार

२४ जून १९०८ रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा वय ५२ होत आले होते आणि मधुमेह जडलेला होता. काही काळ साबरमतीच्या तुरुंगात ठेवून त्यांना बोटीने ब्रह्मदेशात, मंडालेला नेण्यात आले. रत्नागिरीकरांना यातला योगायोग लक्षात येईल. मंडालेचा राजा थिबा त्या वेळी इंग्रजांचा कैदी म्हणून रत्नागिरीत होता आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत.

मंडालेतली त्यांची खोली लाकडी फळ्यांची होती. उन्हाळ्यात उष्मा, थंडीत गारठा, आणि फटींतून येणारी धूळ. अशा जागी मधुमेहाच्या रुग्णाने सहा वर्षे काढायची होती. इन्सुलिनचा शोध लागलेला नव्हता. साखर कमी करणाऱ्या आजच्या गोळ्या यायला आणखी काही दशके होती. डॉक्टर लघवीतली साखर तपासत आणि आहार कमी करायला सांगत. उपचार जवळपास एवढाच होता.

टिळकांनी तोच काटेकोरपणे पाळला. भात आणि गहू बाजूला ठेवून ते मुख्यतः सातूवर आणि दुधावर राहिले. सातू म्हणजे जव. त्यात विरघळणारा चोथा भरपूर असतो. तो पोटात गेल्यावर चिकट होतो, त्यामुळे अन्नातली साखर रक्तात हळूहळू उतरते. पांढऱ्या भाताने साखर जशी झपकन चढते, तशी सातूने चढत नाही. आज आपण नाचणी, कडधान्ये आणि कोंडा न काढलेली धान्ये खायला सांगतो, त्यामागेही हाच विचार आहे. प्रमाण मात्र इथेही पाळावेच लागते. नाचणीच्या चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच.

इथे एक इशारा देणे गरजेचे आहे. टिळकांनी सातूवर दिवस काढले म्हणून तुम्ही गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करून सातू खाऊ नका. त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. ते इतकी वर्षे इन्सुलिनशिवाय जगले, यावरून त्यांचा मधुमेह प्रौढ वयात होणारा, सावकाश वाढणारा असावा. लहान वयात होणाऱ्या मधुमेहात त्या काळी मूल फार दिवस जगत नसे. तुमचा प्रकार कोणता आणि औषध किती लागते, हे तपासणीनेच ठरते.

पथ्य पाळायला काय काय लागले

आता जरा बारकाईने पाहा. सहा वर्षे पथ्य पाळले, याचे श्रेय आपण फक्त निग्रहाला देतो. निग्रह होताच. पण त्याबरोबर इतरही गोष्टी जुळून आल्या होत्या.

पहिली गोष्ट, स्वयंपाक. टिळकांना स्वयंपाकासाठी सातारा जिल्ह्यातला एक मराठी कैदी मिळाला होता. जे सांगितले तेच शिजत होते. घरात सण नव्हते, पाहुणे नव्हते, लग्नाची पंगत नव्हती. तुम्ही घरात राहता. तिथे एकासाठी वेगळे रांधायचे म्हणजे रांधणाऱ्या बाईच्या कामात भर पडते. म्हणून पथ्याचे बोलणे करायचे तर स्वयंपाक करणारी व्यक्ती दवाखान्यात हजर हवी.

दुसरी गोष्ट, दिनक्रम. तुरुंगात उठण्याची, जेवणाची, झोपण्याची वेळ ठरलेली होती. मधुमेहात जेवणाच्या वेळेला किती महत्त्व असते, हे गोळी घेऊन उपाशी राहिलेल्या रुग्णाला विचारा.

तिसरी गोष्ट, जगण्याला असलेला हेतू. १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, टिळकांनी गीतारहस्य पेन्सिलीने लिहून काढले. शाई वापरायची परवानगी नव्हती आणि वह्यांची पाने मोजून दिलेली असत. तिथेच त्यांनी पाली, जर्मन आणि फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला. मोठे काम हाती असलेला माणूस प्रकृती सांभाळतो, कारण ती कशासाठी सांभाळायची हे त्याला माहीत असते. मधुमेहाबरोबर उदासीनता येणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि उदास माणूस गोळ्या चुकवतो, फिरायला जात नाही, काहीही खातो. तुमच्या घरातल्या रुग्णाचे कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखे लक्षण आहे. त्यावर उपचार आहेत.

चौथी गोष्ट, शिक्षण आणि वजन. टिळकांना स्वतःच्या आजाराबद्दल वाचता येत होते, अधिकाऱ्यांकडे मागणी करता येत होती. पुण्यातले भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्याशी पत्रव्यवहार होता, त्यातून बाहेरचा आधार टिकून होता. त्याच तुरुंगातल्या एखाद्या साध्या कैद्याला मधुमेह असता, तर त्याच्या वाट्याला तुरुंगातला भातच आला असता. निग्रह टिळकांइतकाच असूनही.

म्हणून एखाद्या रुग्णाची साखर वाढलेली दिसली की त्याला बेशिस्त ठरवण्याआधी त्याच्यापाशी यातले काय आहे आणि काय नाही, हे पाहायला हवे. हे डॉक्टरांनाही लागू आहे आणि घरच्यांनाही.

त्याच घरातल्या दुसऱ्या रुग्ण

सत्यभामाबाई माहेरच्या बाळ, दापोलीजवळच्या लाडघरच्या. माहेरचे नाव तापी. १८७१ मध्ये लग्न झाले. नवऱ्याला १८८२, १८९७ आणि १९०८ अशा तीन वेळा तुरुंगवास घडला. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. १९०८ नंतर घर, वाढत्या वयाची मुले आणि स्वतःचे आजारपण हे सगळे त्यांच्यावर होते. ७ जून १९१२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. टिळकांना मंडालेत तारेने बातमी कळली. सुटकेला आणखी दोन वर्षे होती.

आजार एक, कुटुंब एक, काळ एक. तुरुंगातला रुग्ण वाचला आणि घरातला गेला. मधुमेह प्रत्येकाचा वेगळ्या वेगाने वाढतो, त्यामुळे याला एकच कारण होते असे कुणीही म्हणू नये. पण चिंता, शोक आणि जागरणे मधुमेहात काय करतात, हे आज आपल्याला चांगले माहीत आहे. मनावर ताण असला की शरीरात अशी संप्रेरके वाढतात जी साखर वर नेतात. टिळकांच्या सातूबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले. सत्यभामाबाईंच्या ताटाबद्दल तेवढे लिहिले गेले नाही.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण हे चित्र अजून बदललेले नाही. नवऱ्याच्या शुगरची फाईल बाई व्यवस्थित सांभाळते, त्याच्या गोळ्या वेळेवर काढून ठेवते, आणि तिची स्वतःची तपासणी दोन वर्षांत झालेली नसते. ती सगळ्यात शेवटी जेवते. उरलेला भात टाकायचा नाही म्हणून तो तिच्याच ताटात जातो. पायाला जखम झाली तर हळद लावून काम चालू. तुमच्या घरात अशी कुणी असेल, आई, बायको, वहिनी किंवा सासू, तर पुढच्या वेळी तुमच्याबरोबर तिचेही रक्त तपासा.

बळाची दुसरी बाजू

जून १९१४ मध्ये टिळक सुटून पुण्यात परत आले. वय ५८ होत आले होते. त्यांनी विश्रांती घेतली नाही. १९१५ मध्ये गीतारहस्य प्रसिद्ध झाले, १९१६ मध्ये होमरूल लीग सुरू झाली, त्यासाठी गावोगावचे दौरे झाले. १९१८ मध्ये चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९१९ च्या अखेरीस परतले. प्रवास, सभा, कोर्टकचेऱ्या, खाण्यापिण्याच्या बदलत्या वेळा. मंडालेतली शिस्त बाहेरच्या जगात टिकवणे कुणालाही जमले नसते.

जुलै १९२० मध्ये ते कोर्टाच्या कामासाठी मुंबईला आले आणि सरदारगृहात उतरले. तिथे ताप आला. आधी हिवताप वाटला, पुढे न्यूमोनिया झाला. चांगले डॉक्टर उशाशी होते, पण फुप्फुसातला जंतुसंसर्ग थांबवणारे औषध त्यांच्याकडे नव्हते. पेनिसिलीन रुग्णांपर्यंत पोहोचायला आणखी वीस वर्षे होती. १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्र उलटल्यावर, वयाच्या ६४ व्या वर्षी, टिळक गेले. पुढच्याच वर्षी टोरोंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन वेगळे करण्यात यश आले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका मुलाला टोचण्यात आले.

मधुमेहात साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात आणि साधा ताप, खोकला किंवा जखम लवकर गंभीर होऊ शकते. त्यातच ताप आला की साखर आणखी वाढते. कणखर माणसाला इथे सर्वांत जास्त धोका असतो, कारण त्याला दुखणे अंगावर काढायची सवय असते. सोसण्याची ताकद हा गुण खराच. पण मधुमेहात तीच ताकद माणसाला दोन दिवस उशिरा दवाखान्यात आणते.

आज हे टाळता येते. मधुमेह असलेल्यांनी फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. ताप असताना साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी, पाणी पीत राहावे, आणि कोणती गोळी चालू ठेवायची व कोणती थांबवायची हे फोन करून विचारावे. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. धाप लागणे, सतत उलट्या, गुंगी, बडबड किंवा दोन दिवसांत न उतरणारा ताप यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पूर्णगडच्या रुग्णासाठी याचा अर्थ काय

पूर्णगड हे मुचकुंदी नदीच्या मुखावरचे गाव. वर किल्ला, खाली खाडी आणि होड्या. इथल्या रुग्णासाठी मुंबईच्या रुग्णाचा आहारतक्ता जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

पहाटे होडीवर जाणाऱ्या खलाशाचे उदाहरण घ्या. त्याची न्याहारी कधी होईल हे समुद्र ठरवतो. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. होडीवर हे जिवावर बेतू शकते. अशा माणसाला साखर फार खाली न नेणारे औषध निवडता येते, पण त्याने आपल्या कामाची वेळ सांगितली तरच. त्याने खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. त्रास जाणवताच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी बरे नसेल तर पुन्हा घ्यावी, आणि सोबत्यांना हे आधीच सांगून ठेवावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, होडी किनाऱ्याला घ्यावी.

पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत मेहनत थांबते आणि कमाईही. या दिवसांत विकतच्या गोळ्या सुटतात. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. पैशाची ओढ आहे हे सांगायला लाजू नका. गोळी बंद करण्यापेक्षा स्वस्त गोळी केव्हाही बरी.

ताजी मासळी हे इथल्या रुग्णाचे बळ आहे. आमटीत शिजवलेली मासळी, सोबत भाजी आणि मोजका भात, हे उत्तम जेवण झाले. तळलेली तुकडी रोज नको. आंबा-फणसाच्या दिवसांत पूर्ण मनाई कुणी पाळत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवून घ्या आणि त्या दिवशी भात कमी करा. सुपारीची सवय मात्र सोडा. टिळकांनाही ती होती आणि आपल्याकडे ती घराघरांत आहे, पण तोंडाच्या कर्करोगाशी तिचा थेट संबंध आहे.

इन्सुलिन चालू असेल आणि घरात फ्रीज नसेल, किंवा वादळात वीज जात असेल, तर वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे थंड, सावलीच्या जागी ठेवता येते. उन्हाळ्यात एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि बाटली कोरड्या डब्यात घालून आतल्या मडक्यात ठेवावी.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सांगा

- जेवणाच्या खऱ्या वेळा, आणि स्वयंपाक कोण करते.
- कामाचे स्वरूप, रात्रपाळी किंवा समुद्रावर जाणे, उपवास.
- औषधांवर महिन्याला किती खर्च झेपतो.
- दवाखान्यात यायला किती वेळ लागतो, सोबत कोण येऊ शकते.
- चिठ्ठी वाचता येते का, डोळ्यांना नीट दिसते का.
- झोप, काळजी, घरातले दुःख.
- तुम्हाला काय चांगले जमते: चालणे, हिशेब ठेवणे, वेळ पाळणे, चवीवर ताबा.

शेवटचा मुद्दा बहुतेक रुग्ण सांगत नाहीत आणि आम्ही डॉक्टरही तो विचारायला विसरतो. टिळकांकडे औषध नव्हते. ठरवलेले पाळण्याची सवय होती, आणि तिच्या आधाराने त्यांनी मंडालेतली वर्षे निभावली. तुमच्याकडे औषधे आहेत, लसी आहेत, तपासण्या आहेत. त्यांच्या जोडीला तुमचे स्वतःचे बळ कोणते, हे घरी बसून घरच्यांबरोबर ठरवा आणि चिठ्ठीवर लिहून आणा. उपचार त्यावर बेतता येतो.